एअर पिस्तुलाची मूठ: काम कुठवर आलंय

मागच्या खेपेला अक्रोडाची मूठ पिस्तुलावरून उतरवली, तिथपर्यंत सांगितलं होतं. ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: स्पर्धेत वापरायची ४.५ मिमी एअर पिस्तूल, उजव्या हाताची, मध्यम मापाची मूठ, आणि ती मी माझ्या हाताला जुळवून घेतोय. कंपनीची मूठ सरासरी हाताचा विचार करून कोरलेली असते. माझा तळहात रुंद, बोटं आखूड. करंगळी नीट बसवली की तर्जनी ट्रिगरपर्यंत ताणावी लागते आणि ताणलेलं बोट ट्रिगर सरळ मागे ओढत नाही, बाजूला ढकलतं.

एवढी खटपट मुठीसाठीच का, हे आधी आकड्यांत बघू. माझ्या पिस्तुलावर पुढची साइट (नेम धरायची खूण) आणि मागची, खाच असलेली साइट यांत सुमारे ३५० मिमी अंतर आहे, निशाण १० मीटरवर. म्हणजे साइटमधली चूक निशाणावर साधारण २८ पट होऊन उमटते. पुढची, म्हणजे फ्रंट साइट मागच्या खाचेत ०.२ मिमी सरकली की छर्रा जवळजवळ पावणेसहा मिमी बाजूला जातो. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी, म्हणजे छर्ऱ्याचा मध्य थेट त्या वर्तुळाच्या रेषेवर! हात थोडा डोलला तर पिस्तूल अख्खं सरकतं आणि तेवढं चालून जातं. मनगटातून कोन बदलला तर चालत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की ट्यूनिंगचा पहिला पैसा आणि पहिला वेळ मुठीवर घालावा.

तपासायची रीत तुम्हाला माहीत असेलच. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करायची, भिंतीकडे तोंड करून पवित्रा घ्यायचा, डोळे मिटून हात उचलायचा आणि मग डोळे उघडायचे. माझी फ्रंट साइट प्रत्येक वेळी खाली आणि किंचित डावीकडे दिसायची. ती मनगटाने सरळ करता येते, पण मॅचचे साठ शॉट आणि ७५ मिनिटं मनगट ते काम एकसारखं करत नाही. ते काम लाकडानेच करायला हवं.

लाकूड कुठे लागतंय हे बघायला तळहाताला पांढऱ्या खडूची पूड चोळली आणि मूठ नेहमीच्या जोराने धरली. गडद अक्रोडावर ठसे स्वच्छ उमटतात. अंगठ्याच्या बुडाखाली दाट पांढरा पट्टा आला आणि तळहाताच्या खालच्या टाचेपाशी काहीच नाही, तिथे पोकळी. दोन्ही दोषांचं उत्तर एका ठशात मिळालं. अंगठ्याच्या बुडाखालचा फुगीर भाग पिस्तुलाची मागची बाजू उजवीकडे रेटत होता, म्हणून नळीचं तोंड डावीकडे. आणि खाली आधार नसल्यामुळे मुठीचं बूड तळहातात मागे रुतत होतं, म्हणून नळी खाली झुकत होती.

फुगीर भाग उतरवायला अर्धगोल कानस घेतली. त्याआधी मूठ ठाण्यात उथळसरच्या आमच्या सुतारकाकांना दाखवून आणली. त्यांनी बोट फिरवून सांगितलं, "आधी लाकडाची रेषा बघा. इथे ती वळतेय, खालून वर ओढलंत तर कपची निघेल. वरून खाली या." तसंच केलं आणि काम सुरेख झालं. कानशीचे चार हात, पुन्हा खडू, पुन्हा धरून बघणं, असं करत पट्टा फिका होईपर्यंत.

पोकळी भरायला एम-सील, म्हणजे दोन भाग मळून लावायची पुट्टी. जुनं तेल थिनरने पुसून लाकूड खरवडलं, नाहीतर पुट्टी धरत नाही. दोन्ही भाग मळून जागेवर बसवले, वर ओलं प्लास्टिक पसरलं आणि मूठ पिस्तुलावर चढवून खऱ्या पवित्र्यात धरली. टेबलाशी बसून दाबू नका. हात खांद्याइतका उचलला की तळहाताचा आकार बदलतो. रात्रभर वाळू दिली. घासताना मास्क लावाच, ती भुकटी छातीत जायला नको.

आता नियम. पाम शेल्फ (तळहाताच्या टाचेला आधार देणारी मुठीची कड) वाढवताना मोह होतो, पण आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमाप्रमाणे अख्खं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत बसलं पाहिजे, वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं आणि मनगट मोकळं दिसलं पाहिजे. ५० मिमीची मर्यादाच पहिली आडवी येते. मी जाड पुठ्ठ्याचा आतून नेमका ५० मिमीचा साचा बनवला आणि प्रत्येक थरानंतर मूठ त्यातून काढली. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर. पुट्टीने वाढलेला भार नगण्य आहे.

ट्रिगरला घरी हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. तो ओढायला लागणारा जोर ५०० ग्रॅमच्या खाली गेला तर स्पर्धेच्या तपासणीत अडकतो, आणि सिअरचे (ट्रिगर ओढल्यावर सुटणाऱ्या खटक्याचे) पृष्ठभाग घासणं हे आर्मररचं, म्हणजे शस्त्र दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं काम. दाबलेल्या हवेचा सिलिंडरही तसाच: २०० बारचा दाब असतो, तो खोलायचा नाही, फक्त त्यावरची तारीख बघायची.

निकाल: डोळे उघडले की फ्रंट साइट आता खाचेत मध्यावर असते. उंची अजून केसभर कमी आहे, पण ते जाणूनबुजून ठेवलंय, कारण ठाण्याच्या पावसाळी हवेत लाकूड थोडं फुगतं आणि घामाने पकडही बदलते. तळहाताचा भाग १२० नंबरच्या पॉलिश पेपरवरच थांबवलाय, गुळगुळीत केला तर ओला हात सरकतो. जवसाच्या तेलाचा हात पाऊस उघडल्यावर देईन. तेलाच्या चिंध्या चुरगळून टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून मगच फेका.

पुढचं काम मधल्या बोटाच्या खाचेचं. ट्रिगर गार्डखाली (ट्रिगरभोवतीच्या कड्याखाली) तिथे लाकूड दोन मिमी तरी जास्त आहे. ते उतरवलं तर हात वर चढेल आणि टाचेची पुट्टी पुन्हा जुळवावी लागेल, म्हणून आधी वरळीच्या रेंजवर या मुठीने पूर्ण साठ शॉटची मॅच मारून बघतो. तुमच्यापैकी कुणी आखूड बोटांसाठी ही खाच कोरली असेल तर किती खोल गेलात ते सांगा.