त्रास नाही? मग आलात कशाला? – माझा पॅप स्मिअरचा अनुभव

माझं वय ४३. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी, म्हणजे पॅप स्मिअर (ब्रशने गर्भाशयमुखावरच्या पेशी घेऊन तपासतात) करायची, हे ठरवताना मी फार घोळ घातला नाही. घाम काढला तो केसपेपरच्या खिडकीने.

"काय त्रास होतोय?"

म्हटलं, काही नाही, पॅप स्मिअर करायचीय.

"मग तक्रारीत काय लिहू? रकाना भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही, ताई. त्रास नसताना कशाला येता?"

मागे रांग, पोरांची रडारड. मी पुन्हा समजवायला लागले तोवर बाईंनी मला न विचारता "अंगावरून पांढरं जाणे" टाकून कागद हातात कोंबलासुद्धा. आत शिकाऊ डॉक्टरांनी मान वर न करता तो वाचला आणि योनीमार्गात ठेवायच्या गोळ्या लिहून दिल्या. "आधी कोर्स करा, मग बघू." आता गंमत बघा. तपासणीआधी निदान दोन दिवस असल्या गोळ्या किंवा मलम वापरायचं नसतं, पेशी नीट दिसत नाहीत. म्हणजे माझ्या नावावर चिकटवलेल्या आजारामुळे माझीच तपासणी लांबणीवर! हे सांगितलं, तर "पेपर दुरुस्त करून आणा." खिडकीवर गेले, तर "आता बदलत नाही, उद्या नवीन काढा." आणि खिडकी जेवायला बंद.

मी हलले नाही, ओपीडीच्या दारातच बसून राहिले. शेवटी एका वयस्कर सिस्टरांनी कागद घेतला, "पांढरं जाणे"वर आडवी रेघ मारली, वर "स्क्रीनिंग" लिहिलं आणि म्हणाल्या, "या, आत या." पुढचं काम पाचेक मिनिटांचं. ब्रश फिरतो तेव्हा जरा कसंतरी होतं, एवढंच. जीन्सऐवजी साडी किंवा लांब कुर्ता घालून जा, आवरायला सोपं पडतं.

राग याचा येतो, की तपासणीची खरी वेळ त्रास नसतानाचीच. एचपीव्ही हा शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू शरीरात टिकून राहिला, तर पेशी बिघडून कॅन्सर व्हायला बरीच वर्षं जातात, आणि तोवर बाईला काही जाणवत नाही. आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, सुमारे १ लाख ३१ हजार बायकांवर मोठा अभ्यास झाला. २००९ साली त्याचे निष्कर्ष छापून आले : ज्या गटाला एकदाच एचपीव्ही तपासणी (हा विषाणू आहे का ते बघणारी) देऊ केली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. खेड्यापाड्यात घरोघरी जाऊन जे जमलं, ते आमच्या खिडकीच्या रकान्यात बसत नाही!

संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जात असेल, तर मात्र तपासणीच्या मुहूर्ताची वाट बघू नका, सरळ डॉक्टर गाठा.

हो, पाळीच्या दिवसांत स्मिअरसाठी जाऊ नका, हे आधी सांगायला हवं होतं. सरकारी केंद्रात बहुधा व्हीआयए करतात. त्यात सौम्य अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून पांढरा डाग उठतो का बघतात, निकाल तिथल्या तिथे. ३० ते ६५ वयाच्या बायकांनी दर पाच वर्षांनी ती करावी, असं सरकारच सांगतं. एचपीव्हीची लस घेतलेली असली तरी तपासणी सुटत नाही. स्मिअरच्या रिपोर्टवर "इन्फ्लमेटरी" (म्हणजे सूज) दिसलं तर घाबरू नका, तो कॅन्सर नव्हे, डॉक्टरांना दाखवा.

माझा निगेटिव्ह आला. पुढच्या महिन्यात जाऊबाईंना नेणार आहे, आणि खिडकीवर मीच बोलणार आहे.