नळाचा दिवस

आमच्या इंदूरमध्ये मराठी घरांतही ‘पाणी आले’ असे फारसे कोणी म्हणत नाही. ‘नळ आले’ असेच म्हणतात, जणू कोणी पाहुणे दाराशी येऊन उभे राहिले आहेत. आमच्या गल्लीत हे नळ एक दिवसाआड येतात, पहाटे पाचच्या सुमारास, आणि जेमतेम पाऊण तास राहतात. तेवढ्या वेळात अंगणातला हौद भरायचा, हौदातले पाणी मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढवायचे, पिण्याचे पाणी वेगळे गाळून ठेवायचे आणि सासूबाईंचा तांब्याचा हंडा भरायचा, एवढी कामे एकापाठोपाठ एक उरकावी लागतात. त्यांतले एक जरी अडले तरी पुढचे दोन दिवस घरातल्या प्रत्येक बादलीचा हिशेब ठेवावा लागतो.

गेल्या आठवड्यात असेच अडले. मोटर सुरू झाली, आवाजही नेहमीचाच होता, पण गच्चीवर पाण्याचा पत्ता नव्हता. हौदातल्या नळीच्या टोकाशी असलेल्या फूट-व्हॉल्व्हमध्ये पालापाचोळा अडकला की तो पूर्ण मिटत नाही, रात्रीतून नळीतले पाणी खाली उतरून जाते आणि सकाळी मोटर हवा धरते. मग मोटर बंद करून वरचे बूच उघडायचे आणि तांब्या-तांब्याने पाणी ओतत राहायचे, बुडबुडे येणे थांबेपर्यंत. घाई करून चालत नाही. भराभर ओतले तर पाणी बाहेर सांडते आणि हवा आतच राहते.

तर त्या पहाटे मी अंधारात उकिडवी बसून मोटरीत पाणी ओतत होते. मे महिन्यात दिवसाचा पारा चाळीसच्या पुढे जात असला तरी माळव्यातल्या रात्री पुष्कळ सोसवतात. ‘शब-ए-मालवा’ची म्हणजे माळव्याच्या रात्रीची ख्याती बनारसच्या सकाळीच्या आणि अवधच्या संध्याकाळीच्या बरोबरीने सांगतात, ती खरोखरच या वेळच्या गार वाऱ्यामुळे असावी असे मला वाटते. समोरच्या घराच्या अँटेनावर दयाळ गात होता. उन्हाळ्यात त्याचा विणीचा हंगाम असतो आणि उजाडण्यापूर्वीच त्याची शीळ सुरू होते. एक तांब्या ओतायचा, बुडबुडे फुटेपर्यंत थांबायचे आणि त्या थांबलेल्या वेळात त्याची एक तान ऐकायची, असे दहा-बारा वेळा झाले. मोटर नीट असती तर मी बटण दाबून पुन्हा आत गेले असते, आणि हा पक्षी रोज इथेच गातो हे मला कळलेही नसते.

याविषयी लिहायचे माझ्या मनात बरेच दिवस होते. घरातल्या कटकटींमधून सुटका करून घेऊन कुठेतरी जावे, म्हणजे सुख मिळेल, असे मी पुष्कळ वर्षे मानत आले. सहली झाल्या, नाटके पाहिली, त्यांचा आनंदही झाला, पण तो घरी परत येईपर्यंतच टिकला. घरात रोज पुरणारे सुख मात्र मला त्या कटकटींच्या आतच सापडले, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे आमच्या घरातली दोन पाणी.

आमच्याकडे एक नर्मदेचे पाणी आहे आणि दुसरे बोरिंगचे. नळाचे पाणी संपले की बोरिंगवर भागवावे लागते, आणि हे पाणी जड आहे. काळ्या बेसॉल्ट खडकातून झिरपताना त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. त्यामुळे साबणाला फेस येत नाही, बादलीत दह्यासारखा साका धरतो, पांढरे कपडे दोन-चार धुण्यांत मळकट दिसू लागतात, गीझर सावकाश तापतो आणि नळाच्या तोंडाशी पांढरी खपली जमते. मला सर्वांत जास्त छळले ते मात्र तुरीच्या डाळीने. या पाण्यात ती शिजतच नाही. पाण्यातले कॅल्शियम डाळीच्या पेशींना एकत्र बांधणाऱ्या पेक्टिनला धरून बसते आणि ते सैल होऊ देत नाही, हे कारण मला फार उशिरा समजले. तोवर मी वाण्याला दोष देत राहिले, कुकरची रिंग दोनदा बदलली, सहा-सहा शिट्ट्या काढल्या, आणि ताटात वरण वेगळे आणि डाळ वेगळी असेच वाढत राहिले. चिमूटभर खायचा सोडा घालून डाळ मऊ होते खरी, पण त्याने तिच्यातले ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते आणि चवही बोथट होते, म्हणून तो मार्ग मी सोडला.

एका नळाच्या दिवशी सहज नर्मदेच्या ताज्या पाण्यात डाळ लावली आणि तीन शिट्ट्यांत ती लोण्यासारखी झाली. त्या दिवसापासून आमच्या घरी साधे वरण एक दिवसाआडच होते. रवीचे दोन फेर दिले की ते एकजीव होते; त्यात हळद, हिंग, मीठ आणि गुळाचा एवढासा खडा, भातावर तूप आणि लिंबाची फोड, याहून जास्त काही लागत नाही. बोरिंगच्या दिवशी आम्ही मुगाची खिचडी, पिठले किंवा कढी करतो. डाळ रोज मिळत असती तर तिच्याकडे कोणी पाहिलेही नसते. आता मात्र नळाच्या दिवशी दुपारी कुकर उघडला की लेक स्वयंपाकघरात येऊन वाफेचा वास घेऊन जाते. मला हे दृश्य फार मोलाचे वाटते.

इथे एक गोष्ट मी स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हे सगळे मला तीन वर्षांपूर्वी सुचले नसते. तेव्हा पहाटेचे उठणे, मोटर, हौद आणि गाळणे ही सगळी कामे मी एकटी करत होते, आणि त्या वेळी कोणी मला घरकामात आनंद शोधायला सांगितले असते, तर मला मनापासून राग आला असता. पक्षी तेव्हाही गात असणार, पण मला तो कधी ऐकू आला नाही. मग एका हिवाळ्यात माझी कंबर धरली आणि आठ दिवस मला वाकता येईना. मी नवऱ्याला म्हटले, “अहो, आता नळाचं तुम्हालाच बघावं लागेल.” त्यांनी ते आठ दिवस केले आणि मी बरी झाल्यावरही सोडले नाही. तेव्हापासून एक पाळी त्यांची आणि एक माझी असते. म्हणजे मला चार दिवसांतून एकदाच पाचला उठावे लागते. उरलेल्या पहाटे मी अंथरुणात पडून मोटरीचा आवाज ऐकते, आणि तो आवाज दुसऱ्याच्या जबाबदारीचा आहे ही जाणीव फार सुखाची असते. ओझे वाटले गेले तेव्हाच मला त्या कामात आजूबाजूला पाहायला उसंत मिळाली. म्हणून ज्या घरात सगळा भार एकाच बाईवर आहे, तिथे तिला सुखाच्या युक्त्या सांगण्याऐवजी बाकीच्यांनी उठावे, असे माझे ठाम मत आहे.

बोरिंगच्या पाण्याने किटलीत जो पांढरा थर बसतो, त्याचा मला पूर्वी नुसता वैताग यायचा. आता महिन्यातून एकदा, बहुधा रविवारी, मी आणि लेक मिळून तो काढतो. किटलीत पाणी भरून त्यात दोन चमचे लिंबाची फुले (सायट्रिक ॲसिड) घालायची आणि पाणी गरम करायचे. थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे आम्ल लागताच कर्बवायूचे बारीक बुडबुडे उठतात आणि किटली सरसरू लागते. पहिल्यांदा हे केले तेव्हा लेक कान किटलीजवळ नेऊन म्हणाली, “आई, हे तर आमच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं आहे!” अर्ध्या तासाने किटली आतून आरशासारखी निघते. आम्ही दोघी आळीपाळीने तिच्यात डोकावतो आणि मग तिच्यातच चहाचे पाणी ठेवतो.

पोह्यांची गोष्टही नळामुळेच घडली. आमच्या घरी सासूबाईंच्या पद्धतीने कांदा परतून, दाणे घालून, वर ओले खोबरे आणि कोथिंबीर घालून पोहे होतात. एकदा पोहे गॅसवर असताना गल्लीतून “नळ आले!” अशी हाक आली. त्या दिवशी नळ अवेळी, साडेसातला आले होते. मी धावले, आणि परत आले तेव्हा पोहे कढईत वाळून कडक झाले होते. टाकून देणे जिवावर आले. तेव्हा आठवले की राजवाड्याच्या बाजूला पोहे विकणारे आपली परात उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवतात आणि दिवसभर वाफेवर मऊ राखतात. मी तसेच केले. पातेल्यात पाणी उकळले, वर पोह्यांचे ताट ठेवून झाकले आणि दहा मिनिटांत पोहे पुन्हा सैल झाले. मग इंदुरी थाटच पुरा करावा म्हणून थोडी बडीशेप, कच्चा कांदा, शेव आणि पोह्यांवर भुरभुरायचा इथला मसाला, जिरावण, घातले. सासूबाईंनी पहिला घास घेतला, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “हे बाहेरचे पोहे आहेत ना? पण लागतायत घरचे.” आता महिन्यातून एकदा त्या स्वतःच जिरावणाची बरणी पुढे करतात.

सगळ्याच कटकटींना अशी बाजू असते असे मी म्हणणार नाही. आमचे घर काळ्या मातीवर उभे आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्याबरोबर भिंतीही हलतात. तशाच एका भेगेतून आलेल्या ओलीने कपाटामागे ठेवलेली माझ्या वडिलांची पत्रे खराब झाली, शाई पसरून गेली. त्यात मला आजवर काही सुख सापडलेले नाही आणि ते शोधण्याची माझी इच्छाही नाही.

कचऱ्याचे मात्र वेगळे आहे. ओला, सुका, प्लास्टिक, इलेक्ट्रॉनिक, सॅनिटरी आणि घातक असे सहा प्रकार वेगळे ठेवायचे म्हणजे छोट्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि सकाळी गाडी येते तेव्हा हमखास कोणीतरी आंघोळीला गेलेले असते. पण देवगुराडियाला फेब्रुवारी २०२२ मध्ये जो प्रकल्प सुरू झाला, तिथे सुरुवातीलाच दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू करण्याची सोय होती आणि तो वायू शहराच्या बसगाड्यांना पुरवला जातो. हे वाचल्यापासून लेक भाजी निवडताना देठे मोजून ओल्या डब्यात टाकते, आणि बस दिसली की “यात आपली मेथी आहे” असे म्हणते. डबे अजूनही पायात येतात, पण मी ते पूर्वीइतक्या जोराने बाजूला सरकवत नाही.

त्या पहाटेच्या मोटरीकडे परत येते. पाणी ओतून झाले, बूच घट्ट बसवले, बटण दाबले, आणि थोड्या वेळाने गच्चीवर टाकीत धार पडल्याचा आवाज आला. एव्हाना सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या होत्या आणि हौदाजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांचे माहेर नर्मदाकाठच्या मंडलेश्वरचे. आमच्या नळाला येणारे पाणीही तिथूनच, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून येते. पंपांनी विंध्याचा चढ चढवून ते वांचू पॉइंटपर्यंत नेतात आणि तिथून उताराने, सुमारे सत्तर किलोमीटरचा प्रवास करून ते शहरात पोहोचते. १९७८ मध्ये ते पहिल्यांदा इंदूरला आले. सासूबाई तेव्हा नुकत्या लग्न होऊन या घरात आल्या होत्या, आणि गल्लीत सगळे जण नवीन पाण्याचे कौतुक करत असताना आपल्याला एकटीलाच रडू आले, असे त्या सांगतात.

नळाच्या पाइपमधून हौदात अजून बारीक धार पडत होती. त्यांनी वाकून तिच्याखाली हात धरला आणि घाटाच्या पायऱ्यांविषयी सांगू लागल्या. पूर आला की त्या भावंडांबरोबर पाण्याखाली गेलेल्या पायऱ्या मोजायच्या, आणि आजी ओरडून सगळ्यांना वर बोलवायची. ही आठवण मी पूर्वी कधी ऐकलेली नव्हती. मी हंडा भरून उचलला तसा थोडा हिंदकळला.

“हळू गं,” त्या म्हणाल्या, “माहेरचं पाणी आहे माझ्या.”

मी हंडा खाली ठेवला आणि त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. धार थांबेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.