दिसतात १८, असतात २४

परवा लेकीच्या गृहपाठाच्या कागदावर तिच्या बाईंची ओळ होती: सूत्र घरी शिकवू नका. ती माझ्यासाठीच होती. आदल्या संध्याकाळी मीच तिला सांगितलं होतं, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, की झालं घनफळ.

मला राग आला आणि दोन दिवस तो गेला नाही. आमच्या वर्गात साठ मुलं. साठ जणांना ठोकळे कुठून आणायचे? सूत्र फळ्यावर एकदा लिहिलं की साठांनाही मिळतं. त्या सूत्रावर मी स्कॉलरशिपची परीक्षा दिली, इंजिनिअर झाले. आमचं काय अडलं?

न्यू जर्सीत घनफळ पाचवीला येतं, आणि सुरुवात ठोकळ्यांनी होते. सगळे सारखे, एक सेंटिमीटरचे. खोक्यात रचायचे, मध्ये फट नको, एकात एक घुसायला नकोत. किती मावले ते मोजायचं.

शनिवारी लेकीला कागदावरचं चित्र मोजायला सांगितलं. चार लांब, तीन रुंद, दोन उंच. ती बोट ठेवत गेली: समोर ८, वर १२, बाजूला ६. "आई, २६!" माझ्या सूत्राने २४ येत होते. तिचं कुठे चुकलं ते मला दिसत होतं, पण समजावता येईना. मग साखरेचे चौकोनी खडे आणले आणि ओट्यावर तोच ढीग रचला. कोपऱ्यातला एकच खडा तिने समोरून, वरून आणि बाजूने असा तीनदा मोजला होता. ती खडे नाही, त्यांच्या बाजू मोजत होती. दिसणारे खडे एकेक करून उचलले, ते १८ भरले. मागे, खालच्या थरात, ६ लपलेले. ते बघून ती गप्प झाली. मग म्हणाली, "एका थरात १२, थर दोन." गुणाकार तिचा तिने केला. सूत्र मी उच्चारलंसुद्धा नाही.

आपल्या पुस्तकात या आकाराला इष्टिकाचिती म्हणतात. इष्टिका म्हणजे वीट, चिती म्हणजे रचलेला ढीग. शुल्बसूत्रं म्हणजे यज्ञवेदी कशी रचायची ते सांगणारे जुने ग्रंथ. त्यांतली श्येनचिती, म्हणजे ससाण्याच्या आकाराची वेदी, पाच थरांची, दर थराला २०० विटा. म्हणजे ही रीत आपल्या शब्दातच होती! मी तो शब्द फक्त शुद्धलेखनासाठी पाठ केला. कोणी फोड करून सांगितली नाही, याचं आता वाईट वाटतं. बाईंचा राग मात्र गेला.

रात्री अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. चाळीस वर्षं बांधकामावर काढलेला माणूस. नातीला म्हणाले, "आम्ही वाळू ब्रासमध्ये घेतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट." तिने लगेच विचारलं, "म्हणजे एक फुटाचे १०० ठोकळे?"

"हो गं. ट्रॉली दहा फूट लांब, पाच रुंद, दोन उंच."

"एका थरात ५०, थर दोन!"

अण्णा खुलले. मग म्हणाले, "पण बाळा, ट्रॉलीवर वाळूची शीग असते. ती कशी मोजशील?"

तिने उत्तर दिलं नाही. फोन टेबलावर टेकवून ठेवला, साखरेचा डबा ओढला आणि ढिगावर आणखी खडे रचायला लागली, वर निमुळते होत जाणारे. अण्णा पलीकडून बघत बसले.