ठोकळ्यातून कोंबडा: माझा अनुभव

कोंबडा निवडला तो शेपटीसाठी. कमानदार वळून खाली उतरणारी ती लांब पिसं लाकडात आणायची होती. पण चित्र कागदावर उतरल्यावर पहिला पेच पडला तो लाकडाच्या तंतूंचा. तंतू उभे ठेवले तर पाय मजबूत, पण शेपटी केव्हाही कपचीसारखी निघून येणार. आडवे ठेवले तर शेपटी वाचते आणि पाय मोडतात. मी शेपटीच्या बाजूने कौल दिला. पाय गवताच्या उंचवट्यात लपवले, मान पिसांनी जाड केली आणि तुऱ्याचे दात ठेंगणे ठेवले. आकृती आपण ठरवतो असं वाटतं खरं, निम्मी लाकूडच ठरवतं.

लाकूड लिंडन या युरोप-अमेरिकेतल्या झाडाचं घेतलं. ते मऊ आणि एकसारख्या पोताचं असतं, बारीक काम छान धरतं. इंग्लंडमधल्या ग्रिनलिंग गिबन्स या कोरीवकाम करणाऱ्या कलाकाराने 17व्या शतकात कागदासारख्या पातळ पाकळ्या कोरल्या त्या याच लाकडात. साग देखणा, पण त्यातल्या सिलिकामुळे पटाशीची धार लवकर जाते. ठोकळ्यात खोडाचा गाभा आलेला नाही ना, तेवढं आधी पाहिलं. लाकूड वाळताना गाभ्यापासून सालीकडे जितकं आकसतं, त्याच्या साधारण दुप्पट वर्तुळांच्या दिशेने आकसतं, त्यामुळे गाभा आत असला की तडा जायचाच.

समोरचं आणि बाजूचं चित्र ठोकळ्याच्या लगतच्या दोन बाजूंवर काढून बँडसॉवर, म्हणजे पट्ट्यासारखं पातं फिरणाऱ्या करवतीच्या यंत्रावर, कापलं. एक बाजू कापली की दुसरीवरचं चित्र कापलेल्या तुकड्यांबरोबर निघून जातं, म्हणून ते तुकडे चिकटपट्टीने परत जागेवर बसवायचे आणि मगच ठोकळा फिरवायचा. पुढे शिकंजा, मोगरी आणि रुंद गोल पटाशी. या टप्प्यावर डोळा कोरायला हात फार शिवशिवतात. पण छातीचा फुगवटा आणि पाठीचा उतार जमल्याशिवाय डोळ्याला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. दिवा बाजूला, अगदी खाली धरला की सावलीत सपाट राहिलेल्या जागा लगेच उघड्या पडतात.

खरा वेळ गेला तो पिसांत. आधी पेन्सिलीने ओळी आखल्या. डोक्याकडचं पीस वर, शेपटीकडचं त्याच्याखाली. पिसाच्या गोलाईशी जुळणारी पटाशी टोकावर सरळ खाली दाबायची, म्हणजे तंतू तिथेच तुटतात. मग जवळजवळ सपाट अशा 3 नंबरच्या पटाशीने पलीकडून त्या खाचेपर्यंत तासत यायचं. पातळ ढलपी खाचेपाशी आपोआप सुटते आणि वरचं पीस उचलल्यासारखं दिसतं. मधला दांडा आणि कडेच्या रेघा 60 अंशांच्या व्ही पटाशीने. शेपटीच्या कमानीत दर बोटाला दिशा बदलावी लागते: चढावरून उताराकडे कापायचं, आणि खोलगट जागी दोन्हीकडून येऊन मध्ये भेटायचं. ढलपी फाटल्यासारखी निघू लागली की पटाशी उलट बाजूने धरायची. आणि अर्थात धार! थोड्या थोड्या वेळाने चामड्याच्या पट्ट्यावर पाती घासत होतो. धारदार पात्याचा काप चकाकतो, बोथटाचा पांढुरका दिसतो.

पॉलिश पेपर फक्त चोचीला आणि तुऱ्याला लावला, तोही कोरीवकाम पूर्ण संपल्यावर. त्याचे कण लाकडात रुततात आणि नंतर पटाशी फिरवली तर धार खातात. पिसांवर मात्र पटाशीच्या खुणाच हव्यात. घासून गुळगुळीत केलेली पिसं मला साबणाची वाटतात.

शेवटी जवसाचं तेल. छातीवर तंतूंची तोंडं उघडी असल्याने तिथे तेल जास्त मुरून डाग गडद पडतो, म्हणून आधी पातळ शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, एक हात दिला. तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना त्या तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. मी त्या पाण्यात भिजवून मगच टाकल्या.