कॉफी सोडण्याआधी वहीत काय लिहावं

सोमवार, रात्री

छातीत धडधड झाली की पहिला संशय कॉफीवर जातो. घरचे म्हणतात सोड, मित्र म्हणतात सोड, आणि पुष्कळ जण खरंच सोडतात. वर्ष उलटतं, कॉफी गेलेली असते, धडधड तशीच असते. हे वाचतानासुद्धा वाईट वाटतं, कारण त्या माणसाने एक आवडीची गोष्ट गमावली आणि हाती काही लागलं नाही. म्हणून माझा आग्रह एवढाच, की आधी मोजावं, मग सोडावं.

एसव्हीटी, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून उठणारे अतिजलद ठोक्यांचे झटके, हा अशा धडधडीचा एक आजार. त्यात दोष असतो तो हृदयातल्या विजेच्या वाटेत. सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात एव्ही नोडपाशी (वरच्या कप्प्यांतला संदेश खालच्या कप्प्यांकडे जातो ते नाकं) एकीऐवजी दोन वाटा असतात, एक जलद आणि एक संथ. एखादा ठोका वेळेआधी पडला तर जलद वाट अजून सावरलेली नसते. संदेश संथ वाटेने खाली उतरतो, तोवर जलद वाट मोकळी होते, तिने तो पुन्हा वर चढतो आणि तिथेच गोल फिरत राहतो. मिनिटाला साधारण 150 ते 220 ठोके. म्हणूनच झटका बटण दाबल्यासारखा सुरू होतो आणि तसाच तुटतो. ठोके हळूहळू 110-120 वर गेले आणि हळूहळूच उतरले, तर ते बहुतेक वेळा वेगळं प्रकरण असतं: ताप, रक्त कमी असणं, थायरॉइड, घाबरणं, अंगातलं पाणी कमी होणं. वहीत सगळ्यांत आधी हेच लिहायचं, की धडधड एकदम आली की चढत चढत आली.

ती जादा वाट कॉफीने तयार होत नाही आणि कॉफी सोडून बुजतही नाही. कॉफीचा हात असलाच तर तो वेळेआधीचा ठोका पाडण्यात.

मंगळवार

कॅफीन शरीरात ॲडेनोसिनची जागा अडवून बसतं. ॲडेनोसिन झोप आणतं आणि एव्ही नोडचा वेगही कमी करतं. एसव्हीटी तोडायला दवाखान्यात शिरेतून देतात ते इंजेक्शनही ॲडेनोसिनचंच, बहुधा आधी 6 मिलिग्रॅम आणि गरज पडली तर 12. चार तासांच्या आत कॉफी घेतलेली असेल तर पहिला डोस कमी पडू शकतो. तेव्हा झटक्यात दवाखान्यात गेलात तर शेवटची कॉफी किती वाजता घेतली ते आपणहून सांगा. दम्याची थिओफिलिन ही गोळी चालू असेल तर तीही सांगा.

आता आकडे. 240 मिली गाळलेल्या कॉफीत सुमारे 95 मिलिग्रॅम कॅफीन, तेवढ्याच चहात 40 ते 50, 250 मिलीच्या एनर्जी ड्रिंकच्या डब्यात साधारण 80. डीकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली कॉफीही अगदी शून्य नसते, कपात 2 ते 15 मिलिग्रॅम असतेच. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं, ते हिशेबात कुणी धरत नाही. निरोगी प्रौढाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत आणि एका वेळी 200 पर्यंत चालतं असं मानतात. गरोदरपणात दिवसभरात 200. एसव्हीटी असलेल्यांसाठी असा ठरलेला आकडा नाही, म्हणून स्वतःचा आकडा स्वतःच शोधावा लागतो.

रक्तातलं निम्मं कॅफीन उतरायला साधारण पाच तास लागतात. दुपारी चारला 200 मिलिग्रॅम घेतलं तर रात्री नऊला 100 आणि पहाटे दोनला 50 उरलेलं असतं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत ते आणखी रेंगाळतं. सिगारेट ओढणाऱ्यांत लवकर निघून जातं, त्यामुळे सिगारेट सोडल्यावर तोच कप जास्त चढतो.

2023 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये क्रेव्ह नावाची चाचणी छापून आली. 100 प्रौढांना दोन आठवडे कधी कॉफी प्या, कधी टाळा असं सांगून त्यांचे ठोके सतत नोंदवले. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतले वेळेआधीचे ठोके कॉफीच्या दिवशी लक्षणीय वाढले नाहीत. खालच्या कप्प्यांतले मात्र वाढले, आणि झोप सरासरी 36 मिनिटांनी घटली. ही माणसं एसव्हीटीची रुग्ण म्हणून निवडलेली नव्हती, तेव्हा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्याला लावता येत नाही. पण झोपेचा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. अपुरी झोप हे धडधडीचं जुनंच निमित्त आहे. सकाळचा कप निर्दोष आणि संध्याकाळचा दोषी, असं अगदी होऊ शकतं.

बुधवार

आजची नोंद मोठी होणार, कारण बाकीची निमित्तं इथेच येतात.

खाली वाकणं. बुटाची नाडी बांधायला वाकलं आणि सरळ होताना झटका सुरू झाला, हे एसव्हीटीवाल्यांना चांगलं ठाऊक असतं. एका गुडघ्यावर बसून बांधली तर पुष्कळांचा त्रास टळतो. पोटभर जेवणानंतर लगेच वाकणं त्याहून वाईट.

सर्दीच्या गोळ्या. चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या स्यूडोएफेड्रिन आणि फेनिलेफ्रिनने ठोके भडकू शकतात. पाकिटावरचं घटकांचं बारीक अक्षर वाचावं, आणि सर्दी-खोकल्याचं औषध मागताना एसव्हीटी आहे हे आधी सांगावं. दम्याच्या सालब्युटामॉलनेही नाडी वाढते, पण तो पंप मनाने बंद करायचा नाही. डॉक्टरांशी बोलून मार्ग काढायचा.

दारू, विशेषतः एका बैठकीत जास्त. ताप आणि जुलाब, कारण पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं. पाळीच्या आधीचे दिवस. अनेकींना याच काळात झटके जास्त येतात. आणि ठोके मंद ठेवणारी बीटा ब्लॉकरची गोळी विसरणं किंवा एकदम बंद करणं. दबलेले ठोके मग उसळून वर येतात.

यातलं एकटं निमित्त बहुधा पुरेसं पडत नाही. चार तास झोप, सर्दीची गोळी, दिवसभर पाणी नाही आणि त्यावर कॉफी, असं साचत जातं. शेवटचा कप नजरेसमोर असतो, म्हणून आळ त्याच्यावर येतो.

म्हणून वही झटका न आलेल्या दिवशीही भरावी लागते. रोज दोन कप पिणारा माणूस फक्त झटक्याचे दिवस लिहील, तर प्रत्येक झटक्याआधी कॉफी दिसणारच. कोऱ्या दिवशीही तेवढीच कॉफी होती हे लिहिलं, तरच तुलना होते. रोज एक ओळ पुरे: कॅफीन किती आणि किती वाजता, झोपेचे तास, पाणी, दारू, औषधं, ताप-जुलाब, पाळीचा दिवस. झटका आला तर वेळ, त्या क्षणी काय करत होतात, कसा थांबला, नंतर खूप लघवी झाली का. ही शेवटची खूण बारीक वाटते, पण एसव्हीटीत ती खरंच असते: ताणलेल्या कप्प्यांतून एक संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडांना कामाला लावतं.

180 ची नाडी मनगटावर नीट मोजता येत नाही. मानेवर, एकाच बाजूला, हलक्या हाताने 15 सेकंद मोजून चारने गुणा. घड्याळ कधी कधी निम्माच आकडा दाखवतं. ईसीजी काढणारं घड्याळ असेल तर झटका चालू असतानाच 30 सेकंदांची पट्टी काढून जपून ठेवा. डॉक्टरांना त्या पट्टीइतकं दुसरं काही कामाचं नसतं.

गुरुवार

कॉफीची परीक्षा घ्यायची तर एकदम तोडू नका. 12 ते 24 तासांत डोकं दुखायला लागतं, नऊ दिवसांपर्यंत बेचैनी राहू शकते, आणि त्या बेचैनीत धडधड जास्तच जाणवते. दर दोन-तीन दिवसांनी पाव हिस्सा कमी करा. पहिला काढायचा तो संध्याकाळचा कप. मग थांबायचं किती? झटके दोन महिन्यांतून एकदा येत असतील, तर दोन आठवडे कॉफीविना काढून काहीच सिद्ध होत नाही. नेहमीच्या अंतराच्या तिप्पट तरी काळ हवा. एनर्जी ड्रिंक आणि व्यायामाआधीच्या उत्तेजक पावडरी यांना मात्र ही संधी देऊ नये, त्या सरळ सोडाव्या.

झटका तोडायची सुधारलेली वलसाल्वा (जोर लावून फुंकण्याची पद्धत) डॉक्टरांकडून शिकून घ्यावी. अर्धवट बसून 10 मिलीच्या सिरिंजमध्ये, दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने 15 सेकंद फुंकायचं. लगेच आडवं व्हायचं आणि दुसऱ्याने पाय 45 अंशांत 15 सेकंद वर धरायचे. 2015 च्या रिव्हर्ट चाचणीत याने 43 टक्के रुग्णांचा ठोका ताळ्यावर आला, जुन्या पद्धतीने 17 टक्क्यांचा. पाय उचलायला कुणी हवं, म्हणून घरातल्या एकाला आधीच दाखवून ठेवा. छातीत दुखलं, भोवळ आली किंवा दम लागला तर हे करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

वही नीट भरून, निमित्तं टाळूनही झटके येत राहिले, तर अब्लेशनबद्दल, म्हणजे शिरेतून नळी घालून ती जादा वाट बंद करण्याच्या उपचाराबद्दल, विचारा. दोन वाटांच्या प्रकारात यश 95 टक्क्यांहून जास्त असतं. पेसमेकर लागण्याचा धोका लहान असला तरी असतो, तो डॉक्टरांकडून समजून घ्यावा.