निळ्या झाकणाची नळी

सांगलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी अकरा वर्षं लोकांचं रक्त काढतेय. ज्यांची शीर सापडत नाही अशा आजी आल्या की काउंटरवरून मलाच हाक येते. चार वर्षांत माझी तीन मिसकॅरेज झाली आणि त्या काळात माझ्याच हातातून किती नळ्या भरल्या याचा हिशेब मी ठेवलेला नाही. तिन्ही वेळा आठव्या-नवव्या आठवड्यात ठोके थांबले. शेवटी फाइलवर एक शब्द आला, अनएक्स्प्लेन्ड. वारंवार गर्भपात होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांच्या फाइलवर तोच असतो.

दुसऱ्या वेळेनंतर पहिली चाचणी लिहून दिली ती टॉर्चची, म्हणजे गर्भाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांची. आपल्याकडे दोनदा गर्भ गेला की ही चाचणी ठरलेलीच. पण त्यातलं आयजीजी, म्हणजे जुन्या संसर्गानंतर रक्तात उरणारं प्रतिपिंड, पॉझिटिव्ह आलं तर एवढंच कळतं की कधीतरी तो संसर्ग होऊन गेलाय. वारंवार होणाऱ्या गर्भपाताचं कारण त्यातून मिळत नाही, आणि युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांतही ती चाचणी सरसकट करायला सांगितलेली नाही. रक्तातल्या एनके पेशींचंही तेच, या रोगप्रतिकारक पेशी. गर्भाशयातल्या एनके पेशी वेगळ्या असतात, हातातून काढलेल्या रक्तावरून त्यांचा अंदाज येत नाही. या दोन चाचण्यांवर आमच्या घरातले बरेच पैसे गेले, ते मला अजून लागतं.

खरी उपयोगाची चाचणी अँटिफॉस्फोलिपिडची, म्हणजे शरीराने स्वतःविरुद्धच बनवलेल्या आणि रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या प्रतिपिंडांची. तिचे तीन भाग: ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन, बीटा-टू ग्लायकोप्रोटीन. यातल्या ल्युपसला निळ्या झाकणाची, रक्त साकळू न देणाऱ्या सायट्रेटची नळी लागते आणि ती खुणेपर्यंत भरावीच लागते, कारण नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण चुकलं की मोजायची ती रक्त साकळण्याची वेळच चुकते. मग दोनदा सेंट्रिफ्यूज करून प्लेटलेट काढायच्या, प्लाझ्मा गोठवायचा आणि ड्राय आइसमध्ये मुंबईला पाठवायचा. माझी नळी मी कुणाला हात लावू दिली नाही. शीर तेवढी सहकारी मैत्रिणीने टोचली.

अँटिकार्डिओलिपिन थोडं वाढलेलं आलं. एकदा येऊन भागत नाही, साध्या व्हायरल तापानंतरही ते वाढतं, म्हणून बारा आठवड्यांनी पुन्हा करायचं. ते बारा आठवडे मी देवाजवळ रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ दे म्हणून मागत होते. आजाराला नाव मिळालं असतं तर ॲस्पिरिन आणि रक्त पातळ ठेवणारी हेपॅरिनची इंजेक्शनं होती. सासूबाई म्हणाल्या, "काही निघालं तर औषध तरी करता येईल गं." रिपोर्ट निगेटिव्ह आला. त्या रात्री मी रडले ते निगेटिव्ह आला म्हणून, आणि ते फक्त त्यांना कळलं.

कारण नसताना तीच औषधं घेऊन बघावीत का? मी विचारलं होतं. २०१० साली नेदरलँड्समध्ये नेमकं हेच तपासलं गेलं. कारण न सापडलेल्या बायकांना ॲस्पिरिनने किंवा ॲस्पिरिन-हेपॅरिनने फायदा झाला नाही. प्रोजेस्टेरॉन या गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाचा अभ्यास २०१५ चा, ८३६ बायकांवर. औषध मिळालेल्यांपैकी ६५.८ टक्के जणींना मूल झालं आणि नुसतं दिखाऊ औषध मिळालेल्यांपैकी ६३.३ टक्के जणींना. आधी मी हे आकडे औषध हरलं म्हणून वाचले. नंतर दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवून बसले. काहीही न देता शंभरातल्या त्रेसष्ट जणी.

आता जे मनातून जात नाही ते. तिसऱ्या वेळी क्युरेटिंग झालं, म्हणजे गर्भपिशवी साफ केली, आणि काढलेला भाग फॉर्मॅलिनमध्ये टाकून हिस्टोपॅथॉलॉजीला, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला, गेला. फॉर्मॅलिनमध्ये पेशी मरतात, मग कॅरिओटाइपसाठी, म्हणजे गुणसूत्रं तपासण्यासाठी, त्या वाढवता येत नाहीत. तो सलाइनच्या निर्जंतुक डबीत हवा होता. हे मला माहीत होतं, रोज मी हेच काम करते, पण त्या दिवशी मी भूल घेऊन टेबलावर होते आणि आधी कुणाला सांगायचं सुचलं नाही. पहिल्या तिमाहीत जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गुणसूत्रांची संख्याच बिघडलेली असते. माझा तसा होता का, हे कळलं असतं तर आईच्या रक्तात दोष शोधत बसण्याची गरजच कदाचित उरली नसती.

म्हणूनच डेन्मार्कमधलं काम वाचताना माझे हात थरथरले. आईच्या प्लाझ्मात गर्भाचा डीएनए फिरत असतो, हे १९९७ मध्ये डेनिस लो यांनी दाखवलं. गरोदरपणात आईच्या रक्तावरून बाळाची गुणसूत्रं बघणारी एनआयपीटी चाचणी त्यावरच उभी आहे. २०२३ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी दाखवलं की ठोके थांबल्यावरही, गर्भ पोटात असतानाच आईचं रक्त घेतलं तर त्याची गुणसूत्रं बरोबर होती की नाही हे सांगता येतं, अगदी पाचव्या आठवड्यापासून. पिशवी रिकामी झाली की हा डीएनए रक्तातून झपाट्याने नाहीसा होतो. म्हणजे क्युरेटिंगच्या सकाळी, सलाइन लावायला माझी शीर टोचली तेव्हा, उत्तर त्याच हातात वाहत होतं.

मायक्रोआरएनएवरही, म्हणजे जनुकांचं काम कमी-जास्त करणाऱ्या आरएनएच्या छोट्या तुकड्यांवरही, बरंच काम चालू आहे. पण रक्त काढताना लाल पेशी फुटल्या की त्यांच्यातलं मायक्रोआरएनए-४५१ प्लाझ्मात मिसळतं आणि आकडे बिघडतात. शिवाय गर्भ गेल्यावर घेतलेल्या रक्तात दिसलेला बदल आधीचा की नंतरचा, हे ठरवायचं कसं? या चाचण्या कुणी आत्ताच विकायला आलं तर मी घेणार नाही. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आणि बालस्वास्थ्य संशोधन संस्थेत पुरुषांच्या शुक्राणूंकडेही बघितलं गेलंय, हे वाचून मला बरं वाटलं. आमच्याकडे सगळ्या नळ्या माझ्याच नावाच्या होत्या. यांची एकच, गुणसूत्रांसाठी, हिरव्या झाकणाची.

ज्या बायका नोकरी करतात त्यांना एक सांगते. मातृत्व लाभाच्या कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे, दाखला जोडून मागता येते. मला ती तिसऱ्या वेळी कळली.

आमच्या काउंटरच्या खालच्या खणात आता मी निर्जंतुक डब्या आणि सलाइनच्या बाटल्या ठेवते. क्युरेटिंगच्या आधीच्या तपासण्यांसाठी कुणी आली आणि आधीही असं झालंय म्हणाली, तर डबी तिच्याबरोबरच्या माणसाच्या हातात देते. "ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना विचारा, जेनेटिकला पाठवायचं का. फॉर्मॅलिन नको म्हणावं." मागच्या आठवड्यात एक नवरा डबी घेऊन जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. झाकणावर नाव कुणाचं लिहायचं, असं त्याने विचारलं. आईचं, मी म्हटलं, आणि पेन दिलं.