पोटऱ्या पैलवानाच्या

मुलगा ८ वर्षांचा आहे. त्याला ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू झिजत जाण्याचा आजार. निदानाचं रामायण सांगत बसत नाही. सीपीकेचा (स्नायूंची झीज दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा) आकडा हजारांत आला, मग जनुकीय चाचणी, मग स्टेरॉइड. लिहायचंय ते चित्र-थेरपीबद्दल. खरं तर तिच्या फीच्या सवलतीपायी मारलेल्या हेलपाट्यांबद्दल, कारण राग अजून उतरलेला नाही.

थेरपी सहज सापडली. फिजिओथेरपीच्या मॅडमनीच एक संस्था सुचवली. आठवड्यातून एकदा, पाऊण तास. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "यानं हातात ताकद येईल का?" तिथल्या ताई म्हणाल्या, "नाही. इथे तो फक्त त्याला हवं ते करेल." मला ते तेव्हा आवडलं नव्हतं.

सवलतीच्या अर्जात यूडीआयडी क्रमांकाचा, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्राच्या क्रमांकाचा रकाना होता. तिथे घोडं अडलं.

ऑनलाइन अर्ज रात्रीत भरून झाला. तपासणीला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात, बुधवारी. आठ वाजता रांगेत, पोराला कडेवर घेऊन, कारण बाकं तीन आणि माणसं साठ. पहिल्या बुधवारी कळलं, हाडांचे डॉक्टर रजेवर. दुसऱ्या बुधवारी खिडकीतले साहेब म्हणाले, "ताई, हा आजार यादीत नाही." २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी नावानिशी आहे. मी मोबाइलवर उघडून दाखवलं, तर "प्रिंट आणा." खाली उतरून झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट आणली, तोवर खिडकी बंद.

तिसऱ्या बुधवारी एकदाचे आत गेलो. डॉक्टरांनी त्याला फरशीवर बसवलं आणि म्हणाले, "ऊठ बाळा." तो आधी पालथा झाला, मग चार पायांवर. मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, स्वतःच्याच अंगावर चढत गेल्यासारखा उभा राहिला. घामाघूम. शेजारचे कारकून म्हणाले, "उठला की! आणि पोटऱ्या बघा, पैलवानाच्या आहेत." त्या फुगीर पोटऱ्या आणि ते मांड्यांवर हात टेकत उठणं हीच या आजाराची ओळख. सुदैवाने डॉक्टरांना ते माहीत होतं. त्यांनी कारकुनांकडे न बघता ४५ टक्के दिव्यांगत्व लिहिलं, मुदत ५ वर्षं. ४० च्या खाली आले असते तर सवलत गेलीच होती. मी बाहेर येऊन जिन्यात रडले, आनंदाने की संतापाने, देव जाणे.

तुम्ही जाल तेव्हा जनुकीय चाचणीचा रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. आधार आणि जन्मदाखल्यावर नाव अक्षरशः एकच आहे ना, हे अर्ज भरायच्या आधी बघा. आणि त्या दिवशी मूल बरं चाललं तर "रोज असंच चालतो" म्हणू नका. जिने, पडणं, रात्री कूस बदलायला हाक मारणं, सगळं सांगा. मी पहिल्यांदा आईच्या अभिमानानं "छान चालतो हो" म्हणून बसले होते.

निरामय या दिव्यांगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात थेरपीचा खर्च मिळतो असं ऐकून मी त्यामागेही आठवडा घालवला. ती योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगतेसाठी आहे. नुसत्या आमच्या आजाराला नाही.

थेरपीचं म्हणाल तर, या मुलांचे खांदे आधी दमतात, बोटं बराच काळ साथ देतात. त्यामुळे भिंतीवर किंवा उभ्या फळीवर चित्र नको. टेबल छातीपर्यंत, कोपर टेकलेले, कागद चिकटपट्टीने बसवलेला. ब्रशच्या दांड्याला स्पंज गुंडाळायचा. शाडू घट्ट असेल तर मळायला लावू नका, दमतात. आम्ही कणकेसारखी सैल करतो. स्टेरॉइडमुळे तो भलताच चिडचिडा आणि सतत भुकेला असतो, म्हणून जाण्याआधी खायला घालतेच.

मागच्या महिन्यात त्याने काळ्या रंगात एक मोठी खिडकी काढली, आणि खिडकीत माणूस नाही. ताईंनी काही विचारलं नाही. मी विचारलं. "साहेब जेवायला गेलेत," म्हणाला.

हो, आणि रुग्णालयात जाताना पाण्याची बाटली न्या.